वस्तऱ्यासाठी पथरी कोणती घ्यावी?

भाऊ, धुऱ्यावरचा काळा दगड विळ्या-कुऱ्हाडीला ठीक, वस्तरा त्याच्यावर नेऊ नको. मी शिकत असताना नेला होता. पात्याला बारीक दाते पडले, ते काढायला आठवडा गेला.

एकच नैसर्गिक दगड घ्यायचा तर बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल घे. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यावर पाणी घालून लहान दगडाने घास, पाणी दुधासारखं कर; त्यावर वस्तरा फिरवला की धार भराभर चढते. मग नुसत्या पाण्यावर हलक्या हाताने फिरव, तोच दगड शेवटचा हात देतो. तेल अजिबात नको. अमेरिकेचा अर्कान्सा याच्या उलट: फार कठीण, फार सावकाश. आधीच लागलेल्या धारेला चकाकी द्यायला उत्तम, पण बोथट पातं त्यावर घासत बसशील तर दुपार सरेल. जपानचे दगड खाणीगणिक, थरागणिक वेगळे निघतात. नवख्याने त्या खर्चात पडू नये.

दगड कोणताही असो, पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. दगडाच्या किंवा पट्ट्याच्या टोकाला पोचलास की पातं पाठीवरून उलटव, धारेवरून कधीच नाही. आणि दाबू नकोस, वस्तऱ्याचं वजनच पुरे. धार बरोबर बसायला लागली की पाण्याची बारीक लाट पात्यापुढे सरकून त्यावर चढताना दिसते.