मी वर आलो, मग त्यांना का जमत नाही?

प्रश्न: माझं लहानपण फार ओढगस्तीत गेलं. वडील लवकर गेले, मामाकडे राहून शिकलो, रात्रपाळ्या केल्या, आज स्वतःचं घर आहे. त्यामुळे फुटपाथवर पडलेली धडधाकट माणसं बघितली की खरं सांगतो, कीव नाही येत, राग येतो. मुलगी म्हणते बाबा, दोष सिस्टिमचा आहे. मी म्हणतो सिस्टिम काय हाताला धरून दारू पाजते का? कोण बरोबर? आणि अशांना पैसे द्यावेत का?

उत्तर: तुमच्या कष्टांचं क्रेडिट कोणी काढून घेत नाहीये हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं तुम्ही वाचणारच नाही. पण "मामाकडे राहून" हे दोन शब्द तुम्ही फार पटकन लिहून टाकलेत हो. म्हणजे झोपायला जागा होती, सकाळी आंघोळ करून बाहेर पडता येत होतं, फॉर्मवर लिहायला पत्ता होता, कष्ट त्याच्यावर उभे राहिले. मामा नाही म्हणाले असते तर?

आता बापलेकीचं भांडण. मला वाटतं तुम्ही दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय. ॲडमिशनचं बघा, सीट 100 आणि अर्ज 1000, तर आत कोण गेलं ते अभ्यासावर ठरतं, पण 900 जण बाहेर राहणार हे परीक्षेच्या आधीच ठरलेलं असतं, मग सगळे रात्रभर का जागेनात. घरांचंही तेच. नेमका कोण रस्त्यावर येतो यात दारू, आजारपण, घरातली भांडणं, चुकलेले निर्णय सगळं येतं, तिथे तुमचं म्हणणं मला मान्य. किती जण येतात ते मात्र भाडी किती आणि परवडणाऱ्या खोल्या किती यावर जातं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात ड्रग्जच्या ओव्हरडोसने मरणाऱ्यांचं प्रमाण भयंकर आहे, तरी लोकसंख्येच्या मानाने बेघर कॅलिफोर्नियापेक्षा खूप कमी, कारण घरं स्वस्त. नशा करणाऱ्यालाही तिथे खोली परवडते म्हणा ना!

आणि दारूमुळेच रस्त्यावर आला असं दरवेळी नसतं, बरेच जण रस्त्यावर आल्यावर प्यायला लागतात, कारण रात्री झोप नाही, सामान चोरीला जातं, कोणीतरी येऊन उठवतं. "आधी सुधार मग घर देतो" ही अट म्हणूनच फसते. फिनलंडने 2008 पासून उलटं केलं, आधी स्वतःच्या नावावर भाड्याचं घर, व्यसन सोडायची अट नाही, सोबत मदतीला माणसं. फुकट नाही हं, भाडं भरायचं, लागेल तिथे सरकारी भत्त्यातून. पुढच्या दहाएक वर्षांत तिथले वर्षानुवर्षं बेघर असलेले लोक निम्म्याहून कमी झाले. म्हणजे जबाबदारी त्या माणसावर आलीच, फक्त दाराची किल्ली हातात दिल्यावर आली.

पैशांचं म्हणाल तर कॅनडात व्हँकुव्हरला 50 बेघर लोकांना एकरकमी 7500 कॅनेडियन डॉलर देऊन बघितले, दारू-सिगारेटवरचा खर्च काही वाढला नाही, वर्षभरात रस्त्यावरचे दिवस कमी झाले. अर्थात जबर व्यसन असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना हे लागू होईल असं मी म्हणणार नाही. सिग्नलला द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कधी देते कधी नाही देत, त्यात काही तत्त्व वगैरे नाही. पण तुमच्या भागात निवारा केंद्र किंवा स्वस्त भाड्याची घरं होणार म्हटलं की सोसायटीत विरोधाच्या सह्या गोळा करतात ना, तो कागद तुमच्याकडे आला तर सही करू नका.