विमान गेलं की वाक्य पूर्ण करायचं

प्रश्न : ताई, लग्न होऊन कराडहून घाटकोपर पश्चिमेला आले, त्याला पाच महिने झाले. उतरणारी विमानं आमच्या इमारतीवरूनच जातात. घरात कुणाला काही वाटतच नाही! सासूबाई बोलता बोलता थांबतात, विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू. मला रात्री २ वाजताही जाग येते. तक्रार करू म्हटलं तर नवरा म्हणतो, ‘होईल सवय.’ मीच नाजूक आहे का?
– एक नवी सून

उत्तर : अजिबात नाही. मी जरीमरीत वाढले, विमानतळाच्या कुंपणाला लागून. आमचीही वाक्यं अशीच तुकड्यांत व्हायची. पुण्याच्या आत्याला वाटायचं, या घरात सदानकदा भांडणं. २०२०च्या मार्चअखेरीस दोन महिने प्रवासी विमानं बंद झाली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं, आपण ‘मीठ दे’सुद्धा ओरडून म्हणतो!

सवय मनाला होते, शरीराला पुरती होत नाही. जाग आलेली सकाळी आठवत नाही, पण आवाजासरशी छातीचे ठोके वाढतातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी विमानांच्या आवाजाची रात्रीची मर्यादा सुचवली ४० डेसिबल. आपल्याकडे त्याच वर्षीच्या नियमांत गजबजलेल्या विमानतळांभोवती रात्री ६५ चालतात. दोन्ही आकडे सरासरीचे. म्हणजे एका विमानाची घरघर मधल्या शांत मिनिटांत विरघळवून टाकलेली. ‘मर्यादेतच आहे’ असं उत्तर आलं, तर कुठे आणि किती वाजता मोजलं ते विचारा.

अर्ज सोसायटीच्या नावाने करा, पण ‘आमच्यावरून नको’ असं लिहू नका. मुंबईत वारा बहुतेक पश्चिमेचा, विमान वाऱ्याला तोंड करून उतरतं, म्हणून ते घाटकोपर-कुर्ल्यावरून येतं. मुख्य धावपट्टी दुरुस्तीला बंद झाली की तुमच्याकडे शांतता, आणि तोच आवाज दुसऱ्या कुणाच्या छपरावर. मागायचंच तर रात्रीची विमानं कमी करा म्हणा. फ्रँकफर्टला २०११पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणं बंद आहेत.

पडद्यांवर पैसे घालवू नका. सरकत्या खिडकीच्या फटी आधी रबरी पट्टीने बुजवा, मग जाड काचेचं बघा.

आणि नवरा रात्री किती वेळा कूस बदलतो ते एकदा मोजा. नाहीतरी तुम्ही जाग्याच असता. माझ्या नवऱ्याचं मी मोजलं होतं. पहाटे ५पर्यंत ११ वेळा, आणि सकाळी म्हणाला, ‘मस्त झोप लागली.’