‘शाश्वत शांततेवर’ की ‘चिरशांतीच्या वर’?

रशियन चित्रकार इसाक लेवितानच्या १८९४ मधल्या, मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयातील ‘नाद वेच्निम पकोयेम’ या निसर्गचित्राचे नाव ‘शाश्वत शांततेवर’ असे केलेले चालेल का आणि त्या चित्राला ‘उदास’ म्हणावे का, असा प्रश्न आहे.

‘शांतता’ मला येथे पटत नाही. शांतता म्हणजे गलबला नसणे, आणि या चित्रात तर वारा सुटलेला आहे: टेकाडावरची झाडे वाकली आहेत, खाली पसरलेल्या पाण्यावर काळपट ढगांचे थर चढत आहेत आणि लाकडी चर्चमागच्या दफनभूमीतले क्रूस कलले आहेत. रशियन ‘पकोय’ या शब्दात विसावा आहे आणि त्याच धातूवरून आलेल्या ‘पकोयनिक’चा अर्थ मृत मनुष्य असा होतो, आपणही एखादी व्यक्ती गेली की ‘शांत झाली’ म्हणतोच. शिवाय ‘वेच्नी पकोय’ ही जोडी ऑर्थोडॉक्स चर्चच्या मृतांसाठीच्या प्रार्थनेतली असल्यामुळे रशियन वाचकाला शीर्षकातच ती प्रार्थना ऐकू येते. मराठीत तिचे स्थान ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’ या वाक्याने केव्हाच घेतलेले आहे, म्हणून ‘चिरशांती’ हाच शब्द घ्यावा. राहिला ‘वर’. ‘शांततेवर’ असे जोडून लिहिले की शांतता या विषयावरचा निबंध वाटू लागतो, तर ‘नाद’ या रशियन शब्दयोगी अव्ययात (आपल्या नादाशी त्याचा संबंध नाही) खालच्या वस्तूला न टेकता वर असणे आहे. तेव्हा ‘चिरशांतीच्या वर’ असे सुटे लिहावे.

‘उदास’ मात्र मी ठेवीन, पण जुन्या अर्थासह. तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’मध्ये उदास म्हणजे खिन्न नव्हे, विरक्त. चित्राचा बराचसा भाग व्यापणारे ते आकाश आणि पाणी कोणासाठी शोक करीत नाही. कबरींशी त्यांना काही देणेघेणेच नाही, आणि पाहणाऱ्याच्या मनात खिन्नता उतरते ती या अलिप्ततेमुळे. ‘विषण्ण’ म्हटले तर आपलाच भाव निसर्गावर लादल्यासारखे होईल. उलट चर्चच्या लहानशा खिडकीत मिणमिणता उजेड रंगवलेला आहे, आणि छापील प्रतींत तो सहज हरवत असल्याने चित्र निव्वळ मरणाचे वाटते. एवढ्या थोरल्या आकाशाखाली आत कोणीतरी दिवा लावला आहे, हे दिसल्यावर ‘भकास’ हा शब्द तर बादच होतो.