शुक्रवार काळा कोणी केला?

प्रश्न : सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. थँक्सगिव्हिंग या इथल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खरेदीला निघायचं, असं सून म्हणते. त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. मुलगा सांगतो, दुकानदार त्या दिवशी तोट्याच्या तांबड्या शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत येतात, म्हणून हे नाव. मला तर नावच अशुभ वाटतं. जाऊ का? – एक वाचक, एडिसन

उत्तर : ताई, खुशाल जा. मुलाची शाईची गोष्ट मात्र मनावर घेऊ नका. मीही ती कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवली आहे! तांबड्या-काळ्या शाईची हिशेबाची रीत खरी, पण ती या नावाला चिकटली १९८०च्या दशकात. नाव त्याहून जुनं, आणि ते ठेवलं वैतागलेल्या पोलिसांनी, तुमच्या जवळच्याच फिलाडेल्फियात.

तेव्हा गुरुवारी थँक्सगिव्हिंग आणि शनिवारी तिथे लष्कर आणि नौदल यांच्या अकादमींचा फुटबॉल सामना. मधल्या शुक्रवारी उपनगरांतून खरेदीला आलेली माणसं, सामन्याला आलेली माणसं आणि या सगळ्यांच्या मोटारी! वाहतूक पोलिसांच्या रजा बंद. १९५०-६०च्या सुमारास ते या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ म्हणू लागले. दुकानदारांनाही तुमच्यासारखंच नाव खटकलं. १९६१ साली त्यांनी ‘बिग फ्रायडे’ म्हणा, असा प्रयत्न करून पाहिला. कोणी म्हटलं नाही.

दुकानदारांचं वजन दिसतं ते तारखेत. थँक्सगिव्हिंग तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे. १९३९ साली तो गुरुवार आला ३० तारखेला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात अशी ओरड झाली, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी मानलं, काहींनी नाही. एकाच देशात दोन थँक्सगिव्हिंग. १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार ठरवला, तेव्हा घोळ मिटला.

आता पहाटे पाचचं. १९९९ साली आम्ही दोघं चारलाच एका दुकानाबाहेर उभे होतो, थर्मासात चहा, पायात दोन-दोन मोजे. जाहिरातीतला टीव्ही हवा होता. दुकानातला मुलगा चिठ्ठ्या वाटत आला आणि आमच्या पुढच्या तिसऱ्या माणसापाशी त्या संपल्या. इतका वेळ उभं राहून रिकाम्या हातानं कसं परतायचं, म्हणून पलंगपोसांच्या दोन जोड्या आणि पॅनकेकचा विजेचा तवा घेऊन आलो. त्या तव्यावर अजून थालीपिठं होतात, ती गोष्ट वेगळी. पण २००८ साली लाँग आयलंडवर दार उघडताच आत घुसलेल्या लोंढ्याखाली दुकानातला एक कर्मचारी चिरडून मेला. त्यानंतर मी दार उघडायच्या वेळेला गेले नाही, तुम्हीही जाऊ नका. दहाला जा. आताशा बरीचशी सवलत आठवडाभर आधीच ऑनलाइन सुरू होते, पहाटेच्या रांगा पूर्वीसारख्या राहिल्याही नाहीत.

घ्यायचेच तर कपडे घ्या. न्यू जर्सीत रोजच्या कपड्यांवर विक्रीकर नाही. स्वस्त टीव्हीच्या मोहात पडण्याआधी मुलाला मॉडेल नंबर तपासायला सांगा. काही मॉडेलं खास या सेलपुरतीच बनवतात, दिसायला तीच, आतून कमी. भेटवस्तू घेतली तर ‘गिफ्ट रिसीट’ मागून घ्या. तिच्यावर किंमत नसते, पण माप चुकलं तर बदलून मिळतं. आणि उरलेली खरेदी रविवारी पॅरामसला करू म्हणाल तर फसाल. पॅरामस बर्गन काउंटीत येतं, आणि तिथे रविवारी कपड्यांची, फर्निचरची दुकानं कायद्यानेच बंद असतात, सेलच्या दिवसांतसुद्धा.

सुनेला पाचलाच जायचं असेल तर जाऊ दे. थर्मास तेवढा भरून द्या, आणि तुम्ही परत झोपा.