शाळेजवळच्या टपऱ्यांवर मुलांना तंबाखू विकतात. कारवाईसाठी ग्रामपंचायतीला सरकारी अनुदान मिळतं का?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियात पोलिसांना या कामासाठी अनुदान मिळतं, तसं आपल्याकडे शाळेला किंवा ग्रामपंचायतीला मिळतं का, आणि अर्ज कुठे करायचा.

थेट अर्ज करून पैसे हातात पडतील अशी योजना आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियात २०१६ साली मतदारांनी सिगारेटच्या पाकिटावर दोन डॉलर जादा कर मंजूर केला. त्यातून वर्षाला तीन कोटी डॉलर स्थानिक पोलिसांसाठी राखून ठेवले, तेही नेमके अल्पवयीनांना होणारी विक्री रोखण्यासाठी. आपल्याकडचा पैसा राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमातून, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यातून येतो (केंद्र ६०, राज्य ४० टक्के), आणि तो जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षापाशी थांबतो. हा कक्ष बहुतेक ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात असतो. प्रशिक्षण, शाळांमधले कार्यक्रम, पथकाच्या धाडी यांचा खर्च तिथून होतो. म्हणून अनुदान मागू नका, पथक मागा. अर्ज जिल्हा कक्षाला, प्रती पोलीस ठाण्याला आणि अन्न व औषध प्रशासनाला.

बंदीचा फलक आणि बंदीची हद्द दाखवणारा रस्त्यावरचा पट्टा एवढाच खर्च तुमच्या अंगावर येतो. तो ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून होतो. वित्त आयोगाच्या अबंधित (काम ठरवून न दिलेल्या) निधीतूनही होऊ शकतो, पण काम गाव विकास आराखड्यात आलेलं असलं पाहिजे. नसेल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) सही करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

खरी अडचण पैशाची नसते, कागदाची असते. कोटपा, म्हणजे तंबाखूविक्रीवर बंधनं घालणारा केंद्रीय कायदा. त्याचं कलम ६(अ) अठरा वर्षांखालच्यांना विक्रीबद्दल आहे, ६(ब) शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आतल्या विक्रीबद्दल. शाळेजवळच्या टपरीसाठी ६(ब) धरा. तिथे गिऱ्हाइकाचं वय सिद्ध करावं लागत नाही. विक्री आणि अंतर दाखवलं की झालं. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, आणि ते शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचे. इथेच घोळ होतो. कोणी फाटकापासून मोजतं, कोणी रस्त्याच्या वळणावळणाने टेप नेतं, आणि मग मागच्या गल्लीतली टपरी बाहेर राहते. कुंपण नसेल तर आधी शाळेच्या जागेची हद्द कागदावर पक्की करून घ्या. अर्जासोबत हातनकाशा जोडा: प्रत्येक टपरी, कुंपणाचा जवळचा बिंदू, मीटरमध्ये अंतर. टपरी आणि कुंपण एकाच चौकटीत येतील असा फोटो हवाच. मधल्या सुट्टीची आणि शाळा सुटण्याची वेळ लिहा, नाहीतर पथक सकाळी अकराला येऊन बंद फळ्या बघून जातं.

शाळेच्या दारावर १०० यार्डांच्या बंदीचा फलक लावणं शाळेचीच जबाबदारी आहे. तो नसेल तर टपरीवाला पहिला मुद्दा तोच काढतो. रस्त्यावरचा पिवळा पट्टा पावसाळ्यानंतर पुन्हा मारावा लागतो.

मुख्याध्यापकांना आवारात धूम्रपान करणाऱ्याला दंड करता येतो. टपरीवाल्याची पावती कोण फाडू शकतं, ते मात्र जिल्हा कक्षाला विचारून घ्या. टपरीची झडती घ्यायला फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी, नाहीतर अन्न व औषध प्रशासनाचा माणूस लागतो.

आता दंड. कलम ६ मोडल्यास कमाल २०० रुपये, तेही तडजोडीने मिटतात. बऱ्या चालणाऱ्या टपरीला ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्च. त्यामुळे दुसरी हत्यारं बघा. टपरीवर गुटखा किंवा सुगंधी तंबाखू असेल तर कोटपात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात २०१२ पासून त्यावर बंदी आहे, आदेश दरवर्षी नव्याने निघतो. अन्न व औषध प्रशासनाला कळवा, ते माल जप्त करतात. सुटी सिगारेट-बिडी विकायलाही राज्यात २०२० पासून मनाई आहे, आणि मुलं घेतात ती सुटीच. टपरी गावाच्या रस्त्यावर अतिक्रमण करून उभी असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ ग्रामपंचायतीच्याच हातात आहे. माझ्या मते सगळ्यात जास्त हेच चावतं. सरपंचांची तयारी मात्र आधी चाचपून घ्या. टपरीवाला बहुधा कोणाचा तरी मेहुणा असतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७ ऐकायला जबर आहे: मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण २०२१ च्या दुरुस्तीने हा गुन्हा अजामीनपात्र असला तरी अदखलपात्र झाला. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू करता येत नाही. ठाण्यात गेलात आणि ‘एफआयआर होत नाही’ असं सांगितलं तर भांडू नका. एनसीची प्रत घ्या आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली आदेशासाठी न्यायालयात जा.

अमेरिकेत अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अल्पवयीन मुलाला दुकानात पाठवून विक्री तपासतात. कोटपात अशी तरतूद नाही. शाळेने तर विद्यार्थ्याला पुडी आणायला मुळीच पाठवू नये. साक्षीपुरावा दूर राहील, पालक तुमच्यावरच तक्रार करतील. मुलाकडून लेखी जबाबही शिक्षकांनी घेऊ नये. ते काम बाल पोलीस पथकाचं, गणवेशाशिवाय आणि पालकांसमोर.

जी मुलं आधीच खातायत त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्याची मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. फलकावर खाली हा क्रमांकही रंगवून घ्या, त्याच खर्चात होतो.