डक्टच्या इन्सुलेशनमधील ‘आर-4’ म्हणजे काय?

प्रश्न : आमच्या ठाण्यातील कार्यालयात एसीच्या डक्टवर (थंड हवा वाहून नेणाऱ्या नळीवर) 25 मिलिमीटर जाडीचे ग्लासवूल (काचेच्या तंतूंचे इन्सुलेशन) असून ठेकेदार ते ‘आर-4’ असल्याचे सांगतात. तरीही पावसाळ्यात पट्ट्यांनी आवळलेल्या जागी पाणी ठिबकते. असे का होते?

उत्तर : ‘आर’ हा उष्णतारोधाचा, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा आहे. उष्णतारोध म्हणजे जाडी भागिले उष्णतावहन गुणांक (पदार्थातून उष्णता किती सहज जाते ते सांगणारा आकडा). ग्लासवूलचा गुणांक 0.035 धरल्यास 25 मिलिमीटर, म्हणजे 0.025 मीटर जाडीला सुमारे 0.71 इतका रोध मिळतो. याला 5.68 ने गुणले की अमेरिकी पद्धतीचा ‘आर-4’ हा आकडा येतो; त्यामुळे ठेकेदारांचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र हा आकडा पूर्ण जाडीचा आहे, आणि पट्टीखाली ग्लासवूल दबून निम्मे झाले असेल, तर तेथील रोधही जवळपास निम्म्यावर येतो.

पावसाळ्यात छतावरच्या पोकळीतील हवा 32 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे 28 अंशांवर असतो. डक्टच्या आत 14 अंशांची हवा वाहत असताना दबलेल्या जागेचा बाह्य पृष्ठभाग या मर्यादेखाली सहज जातो आणि तेथे पाणी धरते. ग्लासवूलवरच्या फॉइलचा (धातूच्या पातळ आवरणाचा) सांधा उघडा असल्यास बाष्प आत शिरून ग्लासवूल भिजते, आणि भिजलेल्या ग्लासवूलचा रोध फारच घटतो. त्याला केवळ वरून टेप लावणे, हे माझ्या मते पैसे वाया घालवणे आहे. भिजलेला भाग बदलून घ्यावा, पट्टीखाली न दबणारा कठीण इन्सुलेशनचा तुकडा बसवावा आणि फॉइलचे सर्व सांधे हवाबंद करावेत.