जुना पॉवर ॲम्प जरूर घ्या, फक्त त्याचा 'साउंड खुलवून' घेऊ नका

तुम्ही विचारलंय की ओळखीच्या घरातला, चाळीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेला पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा डबा) पंचवीस हजारांना मिळतोय, तो घ्यावा की तेवढ्याच पैशात नवा क्लास डी (हल्लीचा, स्विचिंग पद्धतीचा ॲम्प) घ्यावा; आणि जुना 'अपग्रेड' करून घेतला तर आवाज खरंच सुधारतो का.

घ्या. एवढ्यावर थांबलो असतो, पण तो शेवटचा 'अपग्रेड'चा प्रश्न तुम्ही टाकलात आणि मला राहवेना. या एका शब्दावरून आमचे साडूभाऊ आणि मी दिवाळीच्या फराळापासून भाचीच्या साखरपुड्यापर्यंत सगळीकडे भांडलोय.

माझ्याकडे क्वाड या इंग्लिश कंपनीचा ४०५ हा पॉवर ॲम्प आहे. वसईच्या एका कुटुंबाकडून घेतला. घरातले गृहस्थ बोटीवर इंजिनियर होते, त्यांनीच तिकडून आणलेला. ते गेल्यावर मुलांना त्याचं काय करायचं ते कळेना. दिसायला अगदीच ओबडधोबड वस्तू. पुढच्या अंगाला काळा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि कंपनीचं नाव, बास. बटण नाही, काटा नाही, चालू-बंद करायचा खटकासुद्धा नाही, कारण तो प्रीॲम्पवरून, म्हणजे व्हॉल्यूमची बटणं असलेल्या आधीच्या डब्यावरून, चालू व्हावा अशी कंपनीची कल्पना. आमच्या घरी आणल्यावर आईने विचारलं, "बाकीचा कुठाय?"

१९७५ साली हा बाजारात आला. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी 'करंट डम्पिंग' नावाची सर्किटची पद्धत त्यात वापरली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात तिची सगळी मांडणी छापून टाकली. कल्पना थोडक्यात अशी. एक छोटा, अगदी काटेकोर ॲम्प आवाजाची अचूकता सांभाळतो, आणि दांडगे ट्रान्झिस्टर नुसता करंट ओततात. त्यांच्या चुका चार सुट्या भागांचा एक ब्रिज भरून काढतो. त्यामुळे त्या दांडग्या ट्रान्झिस्टरना बायसचा करंट, म्हणजे गाणं नसतानाही वाहता ठेवायचा करंट, सतत पाजत ठेवावा लागत नाही. फिरवून सेट करायचा बायसचा प्रीसेटच त्यात नाही. म्हणजे पन्नास वर्षांत कुणी स्क्रू ड्रायव्हर घालून तो बिघडवण्याची सोयच नाही! नुसता चालू असला तर हीटसिंक जेमतेम कोमट लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दर चॅनलला १०० वॅट. साडूभाऊंचं पहिलं म्हणणं होतं की १०० वॅट म्हणजे काहीच नाही, त्यांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमवर ३००० लिहिलं होतं. ते पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीतले वॅट. नव्वदीच्या दशकात खोक्यांवर जे आकडे छापले जायचे त्यांचा खऱ्या वॅटशी संबंध नव्हता. तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल असेल तर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल ऐकू येतात, आणि दिवाणखान्यात एवढ्या आवाजात किशोरीताई लावल्या तर शेजारचे दार वाजवतील. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. ५० वॅटचा आणि १०० वॅटचा ॲम्प यातला फरक एवढाच, आणि तोही शेवटच्या टोकाला.

आता अपग्रेड. ॲम्प आणल्यावर एका चॅनलमधून अधूनमधून खरखर यायची. मी टेलिफोन खात्यात होतो, सोल्डरिंग आयर्नची भीती नाही, पण तेव्हा वेळ नव्हता. साडूभाऊ म्हणाले, माझा एक माणूस आहे, सोन्यासारखं काम करतो. त्या माणसाने खरखर काढली (मागच्या सॉकेटचा सांधा सुटलेला होता, दुसरं काही नव्हतं), आणि न विचारता वर एक काम केलं. आतला एलएम३०१ हा जुना आयसी काढून एक नवा, वेगवान, महागडा आयसी बसवला. आमचं नशीब असं की त्याच्याकडे एकच नग होता. ४०५मध्ये दोन चॅनलच्या दोन सारख्या प्लेट (सर्किट बोर्ड) असतात. त्याने एकीवर नवा बसवला आणि दुसऱ्या प्लेटसाठी पुढच्या आठवड्यात या म्हणाला.

साडूभाऊ घरी आले, ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बघा, साउंड कसा खुललाय. दुसऱ्या बाजूचंही लवकर करून घ्या."

मी म्हटलं, कुठली बाजू खुलली ते सांगा. ते म्हणाले, हे काय विचारणं झालं? मी म्हटलं, मग ठरवूच.

पुढचं नीट वाचा, कारण यासाठी पैसे लागत नाहीत आणि हे कुणीही घरी करू शकतं. एकच स्पीकर घेतला. दोन्ही चॅनलच्या तारा जिन्याच्या दिव्याला लावतात तसल्या टू-वे स्विचवर आणल्या, की खटका मारला की तोच स्पीकर या प्लेटवरून त्या प्लेटवर जातो. तबकडी लावली ती जुनी, मोनो, म्हणजे दोन्ही चॅनलना एकच सिग्नल. मग २०० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला आणि दोन्ही बाजूंचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत जुळवले. हे न करता केलेली कुठलीही तुलना कचऱ्यात टाका. जो ॲम्प अर्धा डेसिबल मोठा वाजतो तो कानाला मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानात तुम्हाला महाग ॲम्प नेहमी चांगला का वाटतो याचं निम्मं उत्तर इथे आहे.

खटक्यावर भाचा बसला, पडद्यामागे. साडूभाऊ समोर खुर्चीत, हातात कागद-पेन्सिल. मी खोलीच्या बाहेर, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून काही कळायला नको. तबल्याचा बायाँ, तानपुरा, तार षड्ज, त्यांनी मागितलं ते सगळं वाजवलं. शेवटी कागद तपासला तर निम्म्याच्या आसपास बरोबर. छापा-काटा केला असता तरी तेवढंच आलं असतं. आणि गंमत म्हणजे 'इथे खुललाय, शंभर टक्के' असं जिथे दोनदा अधोरेखित केलं होतं, तिथे जुना आयसी वाजत होता.

साडूभाऊ म्हणाले, तुमचे स्पीकरच फरक दाखवण्याच्या लायकीचे नाहीत.

मग मी त्यांना सांगितलं की १९७८ मध्ये क्वाडनेच अशी चाचणी करवून घेतली होती. ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांनी कंपनीचा जुना व्हॉल्व्हचा क्वाड टू, नंतरचा ३०३ आणि हा ४०५, असे तीन पिढ्यांचे ॲम्प जाणकारांना न दाखवता ऐकवले, आणि कुणालाही ते वेगळे ओळखता आले नाहीत. तेही 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापून आलंय. यावर साडूभाऊंचं उत्तर : "ते कान इंग्रजांचे. त्यांना तानपुरा कुठे ऐकायचा होता?"

खरी मजा दुसऱ्या दिवशी झाली. ॲम्प रात्रभर चालूच राहिला होता (खटका नाही ना!). सकाळी हात लावला तर हीटसिंकची एक बाजू कोमट, दुसरी चांगली तापलेली. गाणं चालू नाही, काही नाही. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या मित्राकडे स्कोपवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) लावला. नव्या आयसीची प्लेट कानाच्या पट्टीच्या कितीतरी वर, स्वतःशीच ऑसिलेट होत होती, म्हणजे सिग्नल नसतानाही थरथरत होती. त्या सर्किटच्या भरपाईचे कंडेन्सर जुन्या, संथ आयसीच्या हिशोबाने ठरवलेले. तिथे चपळ आयसी बसवला की तो उड्या मारणारच. कानाला ते ऐकू येत नाही, पण ट्रान्झिस्टर आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) दोन्ही फुकट तापतात. म्हणजे 'खुललेल्या' बाजूने एखाद्या दिवशी माझा ट्वीटर जाळला असता. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एलएम३०१ आणला, काही रुपयांत मिळाला, परत बसवला, हीटसिंक पुन्हा कोमट. मी हे साडूभाऊंना स्कोपवरच्या फोटोसकट पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला. मान्य आहे असा अंगठा की वाचलं असा, ते आजवर कळलेलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : जुन्या ॲम्पला दुरुस्ती लागते, अपग्रेड लागत नाही. दुरुस्ती म्हणजे सुकलेले किंवा फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर त्याच व्हॅल्यूचे आणि त्याच किंवा जास्त व्होल्टचे बदलणं, काळे पडलेले सॉकेट साफ करणं, सोल्डरचे सुटलेले डाग पुन्हा मारणं. आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला असेल तर रस्त्यावरून आणू नका. २एन३०५५पासून सगळ्या चालत्या नंबरांचे ड्युप्लिकेट मिळतात, वरून तेच अक्षर, आत चिप अगदीच चिमुकली.

घ्यायला जाल तेव्हा मल्टिमीटर खिशात ठेवा. स्पीकर न लावता आउटपुटवर डीसी मोजा. पन्नासेक मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, व्होल्टात असेल तर चहा पिऊन परत या. फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचा, कारण मूळच्या फ्यूजच्या जागी दुप्पट अँपियरचा किंवा सरळ तांब्याची तार लावलेली मी पाहिलीय. बरीच वर्षं बंद पडलेला असेल तर थेट प्लग लावू नका. १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये टाकून लावा : बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि पहिल्यांदा वाजवायला असे स्पीकर लावा की गेले तर रडू येणार नाही.

घुमघुम येत असेल तर ती कुठली ते ऐका. ५० हर्ट्झची असेल तर बहुतेक अर्थिंगची भानगड, वायरिंग बदलून जाते. १०० हर्ट्झची असेल तर बहुतेक आतल्या मोठ्या कंडेन्सरचं वय झालंय. हार्मोनियमवर जुळवून बघा, दोन्ही पांढरी पाचच्या किंचित वर येतात, फक्त सप्तक वेगळं. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या मागे ही घुमघुम तीव्र मध्यमाच्या आसपास पडते. भूपात मध्यमच नाही, तिथे ती सोसवत नाही. यमन ऐकणाऱ्यांनी चालवून घेतली तर मी समजू शकतो.

क्लास डीबद्दल तुम्ही विचारलं होतंत. वाईट नाही. छोटा, थंड, वीज कमी खातो, आणि वर सांगितलेली पडद्याची चाचणी केलीत तर चांगला क्लास डी आणि माझा ४०५ तुम्हाला वेगळे सांगता येणार नाहीत असं माझं मत आहे. पण बंद पडला की आपल्याकडचा मेकॅनिक तो उघडून बघतो आणि झाकण परत लावतो. ४०५चा सर्किट डायग्राम सगळीकडे मिळतो आणि आतला बहुतेक भाग आजही बाजारात आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, तुम्हाला कदाचित नसेल वाटत. घरात जागा कमी असेल तर क्लास डीच घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. आवाजातला फरक खराखुरा तिथेच ऐकू येतो, हे साडूभाऊंनाही मान्य आहे. फक्त ते माझ्या स्पीकरबद्दल बोलताना मान्य करतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमचा ॲम्प क्वाडच असेल तर त्याला पूर्ण आवाजासाठी अर्धा व्होल्ट पुरतो, आणि आजचे डीएसी (डिजिटल फाइलमधून सिग्नल काढणारे डबे) आणि सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतात. म्हणजे व्हॉल्यूमचं बटण जरा हललं की घर दणाणतं. दोन रजिस्टन्स घालून सिग्नल कमी करून घ्या. तुमचे स्पीकर ४ ओहमच्या खाली घसरणारे असतील तर पहिल्या ४०५चा करंट लिमिटर मध्ये पडतो, आणि मग तो ॲम्प इतरांपेक्षा वेगळा ऐकू येईलच. तिथे माझं 'सगळे सारखे' हे लागू नाही. तसंच कुणी व्हॉल्व्हचा ॲम्प लावला तर स्पीकरप्रमाणे थोडा फरक येऊ शकतो. जपानहून आलेला ॲम्प असेल तर तो १०० व्होल्टचा आहे का ते आधी बघा, आपल्या २३० वर एकदाच वाजतो. आणि झाकण उघडायची सवय नसेल तर उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले मोठे कंडेन्सर भरलेले असतात.

विकणारा जर म्हणाला की यात नवा आयसी टाकलाय, साउंड खुललाय, तर दोन हजार कमी करून मागा. जुना आयसी परत बसवायची मजुरी म्हणून.